काढलेला टूलबार परत का येतो?

ब्राउझर उघडला की नेहमीच्या पानाऐवजी भलतंच सर्च पान समोर येतं. पत्त्याच्या पट्टीखाली आणखी एक पट्टी, म्हणजे टूलबार, चिकटलेली असते आणि तिच्यात हवामान, गेम्स, कूपन असली बटणं असतात. बातमी वाचताना मधलेच काही शब्द रंगीत होऊन त्यांच्याखाली दुहेरी रेघ येते, माउस नुसता वरून गेला तरी जाहिरात उघडते. वैतागून तुम्ही सेटिंग्जमध्ये जाता, होमपेज बदलता, ती पट्टी काढून टाकता. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर सुरू केला की सगळं होतं तसंच परत.

इथे बरेच जण हात टेकतात. विंडोज नव्याने टाकायला हवं, मशीन जुनं झालं, असे सल्ले मिळू लागतात. बहुतेक वेळा एवढं काही करावं लागत नाही. ब्राउझरमध्ये दिसतं ते ॲडवेअरचं, म्हणजे जाहिराती लादून पैसे कमावणाऱ्या सॉफ्टवेअरचं, वरचं टोक असतं. ते पुन्हापुन्हा आणून बसवणारा भाग ब्राउझरच्या बाहेर, विंडोजमध्ये दडलेला असतो, आणि आपण नेमके तिथे जात नाही. साफसफाई योग्य क्रमाने केली तर घरच्या कॉम्प्युटरवरचं बहुतांश ॲडवेअर तासा-दोन तासांत निघतं, तेही फुकटच्या साधनांनी. त्यामुळे या लेखात क्रमाला मी सगळ्यात जास्त महत्त्व दिलं आहे.

परवानगी घेऊन आलेला पाहुणा

ॲडवेअर आणि व्हायरस यांत एक मोठा फरक आहे. व्हायरस चोरवाटेने शिरतो. ॲडवेअर मात्र बहुतेक वेळा तुमची परवानगी घेऊन येतं, फक्त आपण परवानगी दिली हे तुमच्या लक्षात आलेलं नसतं. त्यामुळे अँटीव्हायरस कंपन्या त्याला सरळ घातक न म्हणता ‘बहुधा नको असलेलं सॉफ्टवेअर’ म्हणतात. स्कॅनच्या निकालात पीयूपी किंवा पीयूए अशी अक्षरं दिसली तर ती यासाठीच असतात. हे शब्द इतके सौम्य का, तर या धंद्यातल्या कंपन्या कोर्टात जायला कचरत नसत. झँगो नावाच्या ॲडवेअर कंपनीने आपलं सॉफ्टवेअर अडवलं म्हणून कॅस्परस्की या अँटीव्हायरस कंपनीवर खटला भरला होता. २००९ मध्ये अमेरिकेतल्या अपील कोर्टाने कॅस्परस्कीच्या बाजूने निकाल दिला. ‘बहुधा नको असलेलं’ या शब्दांवर जाऊन कुणी ते कॉम्प्युटरवर राहू देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

यात पैसा कसा मिळतो, तेही समजून घ्यायला हवं. तुमचं सर्च आधी त्यांच्या पानावर जातं, तिथून खऱ्या सर्च इंजिनकडे, आणि त्या फेऱ्यात जाहिरातींच्या उत्पन्नातला वाटा त्यांना मिळतो. दुसरा मार्ग म्हणजे तुम्ही पाहत असलेल्या पानात आपल्या जाहिराती घुसवणं. त्या साइटच्या मालकाला याचा पत्ताही नसतो. आणि ऑनलाइन खरेदी करताना ‘हा ग्राहक आम्ही पाठवला’ असं भासवून कमिशन लाटणं हा तिसरा. तिन्हींसाठी एक गोष्ट लागते: तुम्ही कुठली पानं पाहता, काय शोधता, हे सगळं त्या प्रोग्रामला दिसायला हवं. म्हणून ‘नुसत्या जाहिराती तर आहेत’ असं म्हणून सोडून देणं मला पटत नाही. जो प्रोग्राम प्रत्येक पानात जाहिरात घुसवू शकतो, तो त्या पानावर तुम्ही काय टाइप करता तेही वाचू शकतो.

२०१५ मध्ये गूगल आणि विद्यापीठांतल्या संशोधकांनी मिळून एक पाहणी केली. गूगलच्या साइट्सवर येणाऱ्या आयपी पत्त्यांपैकी (इंटरनेटवरच्या जोडणीच्या क्रमांकांपैकी) ५.५ टक्के पत्त्यांवर पानांत परस्पर जाहिराती घुसवल्या जात असल्याचं तीत दिसलं. जगभराचा विचार केला तर हे कोट्यवधी लोक झाले.

नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश

हे सगळं आत येतं कुठून? मुख्य वाट म्हणजे फुकट सॉफ्टवेअरचा इन्स्टॉलर. व्हिडिओ प्लेअर, पीडीएफ बनवणारा प्रोग्राम, झिप उघडणारा प्रोग्राम, असं काहीतरी तुम्ही उतरवता. इन्स्टॉलर चालवला की एका खिडकीत दोन पर्याय येतात: ‘एक्स्प्रेस’ आणि ‘कस्टम’. एक्स्प्रेसच्या पुढे कंसात ‘रेकमेंडेड’ लिहिलेलं असतं आणि निवड त्याच्यावर आधीच केलेली असते. कस्टमचा मजकूर फिकट राखाडी रंगात असतो, इतका की ते बटण बंद आहे असं वाटावं. पण कस्टम निवडून पाहा. खाली तीन-चार चौकटी दिसतात आणि सगळ्यांत बरोबरची खूण आधीच केलेली असते: अमुक सर्च माझं होमपेज करा, अमुक टूलबार टाका, अमुक ‘सेफ्टी’ प्रोग्राम बसवा. त्या पुढच्या खिडकीत लायसन्सचा लांबलचक मजकूर आणि खाली ‘ॲक्सेप्ट’ व ‘डिक्लाइन’. हे मूळ प्रोग्रामचं लायसन्स आहे असं समजून आपण ॲक्सेप्ट दाबतो. नीट वाचलं तर वर दुसऱ्याच प्रोग्रामचं नाव असतं. डिक्लाइन दाबलं तरी मूळ प्रोग्राम व्यवस्थित बसतो, पण हे त्या खिडकीत कुठेच लिहिलेलं नसतं.

यामागे रीतसर बाजार आहे. प्रत्येक इन्स्टॉलमागे पैसे, असा त्याचा व्यवहार. गूगल आणि न्यू यॉर्क युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २०१६ मध्ये या बाजाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका कॉम्प्युटरवर एक प्रोग्राम उतरवून देण्याबद्दल १० सेंटपासून दीड डॉलरपर्यंत मोबदला मिळत होता. असली डाउनलोड अडवण्यासाठी गूगलची सेफ ब्राउझिंग यंत्रणा तेव्हा आठवड्याला ६ कोटींहून जास्त इशारे देत होती, म्हणजे खऱ्या मालवेअरसाठी (घातक सॉफ्टवेअरसाठी) दिल्या जाणाऱ्या इशाऱ्यांच्या जवळपास तिप्पट. अँटीव्हायरस कुठला आहे हे आधी तपासून मगच ‘ऑफर’ दाखवायची, इतकी काळजी काही इन्स्टॉलर घेत होते.

केवळ आडवळणाच्या साइट्सवरच हे होतं असंही नाही. जावाच्या अपडेटबरोबर आस्क टूलबारची चौकट वर्षानुवर्षं आधीच खूण करून येत असे. सोर्सफोर्ज हे मुक्त सॉफ्टवेअरचं एके काळचं सगळ्यात विश्वासाचं ठिकाण, पण तिथेही २०१३ पासून काही इन्स्टॉलरबरोबर अशा ऑफर जोडल्या जाऊ लागल्या. २०१५ मध्ये जिंप या चित्रं संपादित करायच्या प्रोग्रामवरून मोठा वाद झाला, आणि २०१६ मध्ये मालकी बदलल्यावर नव्या मालकांनी ती योजना बंद केली.

आणखी दोन वाटा आहेत. पहिली, खोटं अपडेट. ‘तुमचा फ्लॅश प्लेअर जुना झाला आहे’ असा संदेश आजही कुठे कुठे दिसतो. ॲडोबीने फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० लाच बंद केला आहे, त्यामुळे असा संदेश आता खरा असूच शकत नाही. दुसरी वाट म्हणजे विकली गेलेली एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचे छोटे प्रोग्राम. एखादं चांगलं, लोकप्रिय एक्स्टेन्शन त्याचा निर्माता दुसऱ्याला विकतो, नवा मालक अपडेटमधून त्यात हवं ते भरतो, आणि तुमच्या ब्राउझरमध्ये ते आपोआप येऊन बसतं. ‘द ग्रेट सस्पेंडर’ या एक्स्टेन्शनचे २० लाखांहून जास्त वापरकर्ते होते. मालकी बदलल्यानंतर त्यात संशयास्पद कोड आढळला आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने ते बंद केलं. इथे वापरणाऱ्याने काहीच चूक केलेली नव्हती. म्हणून मला अधूनमधून एक्स्टेन्शनची यादी तपासणं अँटीव्हायरसइतकंच गरजेचं वाटतं.

जुन्या अर्थाचे टूलबार, म्हणजे इंटरनेट एक्स्प्लोररच्या खिडकीत थरावर थर चढत जाणाऱ्या पट्ट्या, आता जवळपास इतिहासजमा झाले आहेत. एक्स्प्लोररचाच आधार जून २०२२ मध्ये संपला, आणि क्रोममध्ये तशा पट्टीला कधी जागाच नव्हती. आज त्याच धंद्याने एक्स्टेन्शनचं रूप घेतलं आहे. पट्टी दिसत नाही, पण नवीन टॅब उघडला की पान त्यांचं येतं.

सुरुवात करण्याआधी: हे खरंच ॲडवेअर आहे का?

स्क्रीनच्या कोपऱ्यात, घड्याळाजवळ, दर दहा मिनिटांनी ‘व्हायरस सापडला’, ‘बक्षीस लागलं’ असे चौकोन येत असतील, तर आधी ते नीट पाहा. त्यात बारीक अक्षरांत एखाद्या साइटचं आणि ब्राउझरचं नाव असेल, तर कॉम्प्युटरवर काही बसलेलंच नसण्याची शक्यता जास्त. कधीतरी कुठल्या तरी साइटने ‘तुम्ही रोबो नाही हे दाखवायला अलाउ दाबा’ असं म्हटलं होतं आणि तुम्ही दाबलंत. ती त्या साइटला नोटिफिकेशन पाठवायची परवानगी होती. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, तिथे ‘साइट सेटिंग्ज’, तिथे ‘नोटिफिकेशन्स’ असं जा. परवानगी दिलेल्या साइट्सची यादी दिसेल. ओळखीची नसलेली प्रत्येक साइट तिथून काढून टाका. एज आणि फायरफॉक्समध्येही अशी यादी असते. कित्येकांची तक्रार इथेच मिटते.

दुसरी गल्लत पूर्ण स्क्रीन व्यापणाऱ्या इशाऱ्याची. भोंगा वाजतो, स्क्रीन लाल होते, ‘कॉम्प्युटर बंद करू नका, या नंबरवर फोन करा’ असं लिहिलेलं असतं. वेबपानाला तुमच्या कॉम्प्युटरमधला व्हायरस दिसूच शकत नाही. ते नुसतं पान असतं. एस्केप बटण थोडा वेळ दाबून धरा, नाही जमलं तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि ब्राउझर बंद करा. पुन्हा उघडताना ब्राउझर ‘आधीची पानं उघडू का’ विचारेल, तेव्हा नको म्हणा. त्या नंबरवर फोन मात्र कधीही करू नका. पलीकडचा माणूस कॉम्प्युटरचा ताबा मागतो आणि नंतर पैसे.

आणखी एक सांगायलाच हवं. त्या अनोळखी सर्च पानाचं नाव टाकून ‘हे कसं काढायचं’ असं शोधलंत तर समोर येणाऱ्या बऱ्याच पानांवर शेवटी एकच सल्ला असतो: आमचा प्रोग्राम उतरवा. तो फुकट स्कॅन करतो, शेकडो ‘धोके’ दाखवतो आणि काढायची वेळ आली की पैसे मागतो. एका नको असलेल्या प्रोग्रामवर उपाय म्हणून दुसरा घेऊ नका. खाली सांगितलेली साधनं त्यांच्या मूळ कंपनीच्या साइटवरूनच घ्या, जाहिरातीतल्या दुव्यावरून नाही.

आता काढायला लागू

पहिली जागा ब्राउझर नाही. पहिली जागा विंडोजमधली प्रोग्रामची यादी. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, ‘ॲप्स’, ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’. विंडोज १० मध्ये ‘ॲप्स अँड फीचर्स’. तिथे क्रम नावाऐवजी इन्स्टॉल केलेल्या तारखेचा लावा. त्रास साधारण कधी सुरू झाला हे आठवत असेल तर त्या दिवसाच्या आसपास एकाच तारखेला आलेले तीन-चार प्रोग्राम दिसतील. त्यातला एक तुम्ही हवा म्हणून घेतलेला आणि बाकीचे त्याच्याबरोबर आलेले. हे एकत्र दिसणं फार उपयोगी पडतं. नावात ‘सर्च’, ‘शॉपिंग’, ‘कूपन’, ‘ऑप्टिमायझर’, ‘ड्रायव्हर अपडेटर’ असं काही असेल तर संशय घ्या. मात्र कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीचे, ग्राफिक्सचे, प्रिंटरचे प्रोग्रामही या यादीत असतात. नाव ओळखीचं नसेल तर आधी त्याची माहिती काढा, मगच हात लावा.

अनइन्स्टॉल करतानाही सावध राहा. या प्रोग्रामचे अनइन्स्टॉलर मुद्दाम गोंधळात टाकतात. ‘तुमचं संरक्षण निघून जाईल, ठेवायचं ना?’ असा प्रश्न येतो आणि ठळक बटण ‘ठेवा’चं असतं. काही वेळा शेवटच्या खिडकीत खूण केलेली चौकट असते आणि तिच्यातून दुसराच प्रोग्राम यायचा असतो. प्रत्येक खिडकी पूर्ण वाचा. प्रोग्राम फाइल्समधलं फोल्डर परस्पर डिलीट करू नका. तसं केलं की अनइन्स्टॉलर निघून जातो आणि बाकीचे तुकडे जागच्या जागी राहतात.

मग स्कॅन. ॲडवेअरसाठी ॲडडब्ल्यूक्लीनर हा छोटा, फुकट प्रोग्राम चांगला आहे. तो इन्स्टॉल करावा लागत नाही. आधी स्वतंत्र असलेला हा प्रोग्राम २०१६ पासून मालवेअरबाइट्सकडे आहे. स्कॅन झाल्यावर तो यादी दाखवतो. तीत तुमच्या ओळखीचं काही आलं असेल तर त्याची खूण काढा, बाकीचं क्वारंटाइन करा, म्हणजे वेगळं बंदिस्त करून ठेवा, आणि कॉम्प्युटर रीस्टार्ट होऊ द्या. क्वारंटाइनमधली वस्तू नंतर परत आणता येते, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. जोडीला विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस, डिफेंडर, चालवा. त्यात ‘ऑफलाइन स्कॅन’ असा पर्याय आहे. त्यात कॉम्प्युटर बंद होऊन विंडोज पूर्ण सुरू व्हायच्या आधीच तपासणी होते, म्हणजे चालू प्रोग्रामला लपायची संधी मिळत नाही. साधारण पाव तास लागतो.

आता शीर्षकातल्या प्रश्नाचं उत्तर. टूलबार परत आणणारा भाग बहुतेक वेळा चारांपैकी एका जागी असतो.

एक, स्टार्टअप. टास्क मॅनेजरमध्ये ‘स्टार्टअप’चा भाग उघडा. कॉम्प्युटर सुरू होताच चालणारे प्रोग्राम तिथे दिसतात. नको ते डिसेबल करा.

दोन, टास्क शेड्युलर. याच्याकडे फारसं कुणी जात नाही आणि ॲडवेअर बनवणाऱ्यांना ते ठाऊक असतं. ठरलेल्या वेळी किंवा लॉगिन झाल्यावर एखादं काम आपोआप व्हावं, यासाठी विंडोजने दिलेली ही सोय आहे. स्टार्ट मेनूत नाव टाकून ती उघडा आणि डावीकडच्या ‘टास्क शेड्युलर लायब्ररी’वर क्लिक करा. प्रत्येक टास्क निवडून खाली ‘ॲक्शन्स’मध्ये ते काय चालवतं ते पाहा. एखादं टास्क ब्राउझरला अनोळखी वेब पत्ता देऊन उघडत असेल, किंवा ‘ॲपडेटा’ फोल्डरमधली अर्थहीन नावाची फाइल चालवत असेल, तर दोषी सापडला. ॲपडेटामध्ये लिहायला ॲडमिनिस्ट्रेटरची परवानगी लागत नाही, म्हणून असे प्रोग्राम तिथे राहणं पसंत करतात. अपडेटची टास्क मात्र चांगल्या प्रोग्रामचीही असतात. खात्री नसेल तर डिलीट न करता आधी डिसेबल करून दोन-तीन दिवस पाहा.

तीन, शॉर्टकट. डेस्कटॉपवरच्या ब्राउझरच्या चिन्हावर राइट-क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडा आणि ‘टार्गेट’ हा रकाना शेवटपर्यंत सरकवत वाचा. तो रकाना लहान असतो, त्यामुळे शेवटचा भाग दिसत नाही. क्रोमच्या बाबतीत मजकूर क्रोम डॉट ईएक्सई आणि अवतरण चिन्ह इथे संपायला हवा. त्यानंतर जागा सोडून एखादा वेब पत्ता लिहिलेला असेल, तर तुम्ही सेटिंग्जमध्ये होमपेज कितीही बदला, चिन्हावर क्लिक करताच तेच पान उघडणार. तेवढा पत्ता पुसा आणि ओके करा. टास्कबारवरचा आणि स्टार्ट मेनूतला शॉर्टकट वेगळा असतो, तोही तपासा. सगळ्यात सोपं म्हणजे तिन्ही शॉर्टकट काढून नवे बनवणं.

चार, पॉलिसी. ही जागा सगळ्यात हट्टी. ऑफिसांमध्ये शेकडो कॉम्प्युटरना एकसारखी सेटिंग्ज लावता यावीत म्हणून ब्राउझरमध्ये पॉलिसी नावाची सोय असते. पॉलिसीने ठरवलेलं होमपेज किंवा एक्स्टेन्शन वापरणाऱ्याला बदलता येत नाही. ॲडवेअर हीच सोय घरच्या कॉम्प्युटरवर वापरतं. क्रोमच्या मेनूत अगदी खाली ‘मॅनेज्ड बाय युअर ऑर्गनायझेशन’ असं दिसत असेल आणि कॉम्प्युटर कुठल्याही ऑफिसचा नसेल, तर तिथे थांबा. दुसरी खूण म्हणजे एक्स्टेन्शनच्या यादीत एखाद्यापुढे ‘रिमूव्ह’ बटणच नसणं. पत्त्याच्या पट्टीत इंग्रजीत क्रोम, मग कोलन, दोन तिरक्या रेघा आणि पॉलिसी हा शब्द टाइप करून एंटर दाबा. कुठल्या पॉलिसी लागू आहेत त्यांची यादी येईल. काही अँटीव्हायरसही एखादी पॉलिसी लावतात, म्हणून नुसती यादी दिसली म्हणजे दगाच असं समजू नका. पण तिथे अनोळखी सर्चचा पत्ता किंवा एक्स्टेन्शन जबरदस्तीने बसवायची पॉलिसी असेल तर ती काढायलाच हवी. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजची सेटिंग्ज साठवणाऱ्या कोठारात, जाऊन हाताने काढता येते, पण सवय नसलेल्याने रजिस्ट्रीला हात लावू नये. ॲडडब्ल्यूक्लीनरच्या सेटिंग्जमध्ये क्रोमच्या पॉलिसी रीसेट करायचा पर्याय आहे, तो चालू करून दुरुस्ती करा.

एवढं झाल्यावर ब्राउझरकडे या, कारण आता त्यात केलेला बदल टिकेल. एक्स्टेन्शनची यादी उघडा. तुम्ही स्वतः टाकलेलं आणि आजही वापरता ते ठेवा, बाकीचं काढा. कुठलं दोषी आहे कळत नसेल तर सगळी बंद करा आणि एकेक चालू करत पाहा. मग ‘रीसेट सेटिंग्ज’ वापरा. क्रोम आणि एजमध्ये यामुळे सुरुवातीचं पान, नवीन टॅब आणि सर्च इंजिन मूळ स्थितीत येतं, एक्स्टेन्शन बंद होतात आणि कुकीज जातात. बुकमार्क आणि सेव्ह केलेले पासवर्ड राहतात. फायरफॉक्समध्ये याच कामासाठी ‘रिफ्रेश फायरफॉक्स’ आहे. तो जुना डेटा डेस्कटॉपवरच्या एका फोल्डरमध्ये ठेवतो, त्यामुळे काही राहून गेलंच तर तिथून घेता येतं.

जाता जाता सेटिंग्जमध्ये ‘नेटवर्क अँड इंटरनेट’खालचं ‘प्रॉक्सी’ही पाहा. प्रॉक्सी म्हणजे इंटरनेटची ये-जा ज्याच्यातून होते तो मधला सर्व्हर, आणि घरच्या कॉम्प्युटरवर तो सहसा लागत नाही. तुम्ही न लावता तो चालू दिसला तर बंद करा. तो चालू राहिला तर तुमची ये-जा त्यांच्याच दारातून होत राहते.

मॅकवरही हीच रीत, जागा तेवढ्या वेगळ्या. ॲप्लिकेशन्स फोल्डर, लॉगिन आयटम्स, लाँच एजंट्सची (आपोआप चालणाऱ्या कामांची) फोल्डर्स आणि सिस्टिम सेटिंग्जमधले प्रोफाइल. घरच्या मॅकवर अनोळखी प्रोफाइल असेल तर होमपेज बहुधा त्यानेच जखडून ठेवलेलं असतं.

दिसणारं गेलं तरी

वरवर काढून का भागत नाही, याचं सगळ्यात गंभीर उदाहरण सुपरफिशचं. लेनोवोने २०१४ च्या उत्तरार्धात काही ग्राहक लॅपटॉपवर हा जाहिराती घुसवणारा प्रोग्राम कारखान्यातच टाकून दिला होता. सुरक्षित पानांतही जाहिराती घुसवता याव्यात म्हणून त्याने विंडोजमध्ये स्वतःचं रूट सर्टिफिकेट बसवलं. पत्त्याशेजारचं कुलूप कुणावर विश्वास ठेवून दाखवायचं, हे ज्या यादीवरून ठरतं त्या यादीत त्याने आपलं नाव घातलं. त्यात सगळ्या लॅपटॉपवर गुप्त किल्ली एकच होती. ती कुणाच्या हाती लागली तर बँकेचं खोटं पानही खरं म्हणून खपवता आलं असतं. फेब्रुवारी २०१५ मध्ये हे उघड झालं आणि संशोधकांनी ती किल्ली लगेच काढूनही दाखवली. तेव्हा लोकांनी प्रोग्राम अनइन्स्टॉल केला, पण सर्टिफिकेट तिथेच राहिलं. ते वेगळं काढावं लागत होतं. पुढे मायक्रोसॉफ्टने डिफेंडरमधून दोन्ही काढायची सोय केली आणि २०१७ मध्ये लेनोवोने अमेरिकेतल्या ३२ राज्यांशी ३५ लाख डॉलरची तडजोड केली.

म्हणून सफाईनंतर पासवर्ड बदला, निदान ईमेलचा आणि बँकेचा. विशेषतः ‘सगळ्या साइट्सवरचा डेटा वाचणं आणि बदलणं’ अशी परवानगी असलेलं एक्स्टेन्शन निघालं असेल तर नक्कीच. आणि हे सफाईनंतर करा. आधी बदललेला पासवर्डही त्याच एक्स्टेन्शनला दिसतो.

पुढच्यासाठी विंडोज सिक्युरिटीमध्ये ‘ॲप अँड ब्राउझर कंट्रोल’खाली ‘रेप्युटेशन बेस्ड प्रोटेक्शन’ उघडा आणि ‘पोटेन्शियली अनवाँटेड ॲप ब्लॉकिंग’ चालू आहे ना ते पाहा. त्यातल्या दोन्ही चौकटींत खूण हवी, ॲप्सची आणि डाउनलोडची. विंडोज १० मध्ये ही सोय २०२० पासून आहे, पण ती आपल्याकडे चालू आहे की नाही हे फार थोड्यांनी पाहिलेलं असतं. रोजच्या वापरासाठी ॲडमिनिस्ट्रेटर नसलेलं खातं ठेवलं तर आणखी चांगलं. मुलं किंवा वडीलधारी माणसं तोच कॉम्प्युटर वापरत असतील तर मी हे आवर्जून करायला सांगेन. आणि इन्स्टॉलरमध्ये नेहमी कस्टम निवडा.

हे सगळं करूनही तेच पान परत आलं, तर विंडोजचं ‘रीसेट धिस पीसी’ वापरायला हरकत नाही. त्यात ‘कीप माय फाइल्स’ निवडलं तर कागदपत्रं आणि फोटो राहतात, बाहेरून टाकलेले प्रोग्राम जातात. तरी महत्त्वाच्या फाइल्सची प्रत आधी बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवा. नंतर क्रोममध्ये खात्याने साइन इन केलंत की सिंक लगेच चालू ठेवू नका. एक्स्टेन्शन आणि सेटिंग्ज तुमच्या खात्यातही साठवलेली असतात आणि सिंक झालं की ती नव्या कोऱ्या विंडोजवरही उतरतात. सिंकच्या सेटिंग्जमध्ये जाऊन ‘एक्स्टेन्शन्स’ आणि ‘सेटिंग्ज’ या दोन गोष्टी आधी बंद करा, बुकमार्क आणि पासवर्ड तेवढे येऊ द्या, आणि हवी ती एक्स्टेन्शन एकेक करून हाताने टाका. तोच गूगल खात्याचा क्रोम घरातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर चालू असेल, तर त्याचीही एक्स्टेन्शन यादी त्याच दिवशी तपासा.